लोलकापासून शिरस्त्राणापर्यंत : आरपार-दर्शक साधनांचा इतिहास आणि कार्ल्याचे चैत्यगृह

प्रस्तावना

डोळ्यांसमोर प्रत्यक्ष असलेले दृश्य आणि काचेवरून परावर्तित होऊन आलेले दुसरे दृश्य ही दोन्ही एकाच वेळी, एकावर एक पाहता यावीत अशी रचना म्हणजे आरपार-दर्शक साधन होय. डोक्यावर धारण करावयाच्या अशा साधनास संगणकशास्त्रात ‘सी-थ्रू हेड-माउंटेड डिस्प्ले’ असे म्हणतात. त्यातून अनुभवास येणाऱ्या मिश्र दृश्यासाठी ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ आणि मराठीत ‘संवर्धित वास्तव’ ही संज्ञा रूढ होत आहे. या साधनाचा इतिहास सामान्यत: १९६८ साली अमेरिकेत झालेल्या आयव्हन सदरलँड यांच्या प्रयोगापासून सांगितला जातो. संगणकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु दोन दृश्ये एकमेकांवर बसविणे हा मूळ प्रश्न संगणकाहून बराच जुना आहे आणि त्याची एक महत्त्वाची नोंद आपल्या कार्ले, वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांशी निगडित आहे, हे आपल्याकडील अभ्यासात फारसे विचारात घेतले गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या साधनाचा विचार जुळणीच्या अंगाने केला आहे. प्रत्येक काळात विचारावयाचा प्रश्न एकच : प्रत्यक्ष आणि परावर्तित ही दोन दृश्ये कोण जुळवते, आणि ती कशी जुळवली हे पाहणाऱ्यास कळते काय? इतिहासाच्या अध्यापकास हा प्रश्न तांत्रिक वाटण्याचे कारण नाही. उद्या विद्यार्थी चष्मा लावून लेण्यात उभा राहील तेव्हा त्यास जे दिसेल त्यातील पाषाण कोणता आणि अनुमान कोणते, हे सांगण्याची जबाबदारी आपल्याकडेच येणार आहे.

लोलकापूर्वीचे पुणे

लेण्यांच्या चित्रणाचा विषय निघाला की आपण थेट इंग्रज प्रवाशांकडे वळतो. त्याआधी पुण्याच्या एका चित्रकाराचे नाव घेणे आवश्यक आहे. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेचे शिक्षण सुरू झाले. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स त्या सुमारास पुण्यात काम करीत होते. त्याच वर्तुळातील गंगाराम चिंतामण तांबट यांनी मॅलेट यांच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. गंगाराम यांच्याजवळ हात, नजर आणि नव्याने शिकलेली यथादर्शनाची पद्धती एवढीच साधने होती. स्तंभांची रांग कागदावर उतरविताना प्रमाण ठरवावयाचे ते चित्रकारानेच. चूक झाली तर तीही त्याचीच. पुढे जे साधन आले त्याने नेमकी हीच जबाबदारी चित्रकाराकडून काढून घेण्याचे आश्वासन दिले.

ते साधन म्हणजे ‘कॅमेरा ल्युसिडा’. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम हाइड वोलॅस्टन यांनी १८०६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. नावात कॅमेरा असला तरी त्यात पेटी नाही, पडदा नाही आणि प्रतिमा कशावरही उमटत नाही. एका दांड्यावर बसविलेला चार बाजूंचा छोटा लोलक, एवढाच त्याचा पसारा. समोरील दृश्याचे किरण लोलकात दोनदा परावर्तित होऊन वर येतात. दोन परावर्तनांमुळे प्रतिमा सुलटी राहते. चित्रकार लोलकाच्या कडेवर डोळा अशा रीतीने धरतो की डोळ्याच्या बाहुलीच्या अर्ध्या भागातून लोलकातील दृश्य आणि उरलेल्या अर्ध्या भागातून खालचा कागद दिसावा. मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि समोरचे मंदिर जणू कागदावर पडले आहे असा भास होतो. चित्रकाराने फक्त त्या भासावरून पेन्सिल फिरवावयाची.

‘फक्त’ हा शब्द येथे फसवा आहे. डोके किंचित हलले की दोन्ही दृश्ये एकमेकांवरून सरकतात. लांबचे मंदिर आणि हातभर अंतरावरचा कागद एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. त्यासाठी वोलॅस्टन यांना साधनात भिंगांची सोय करावी लागली. शिवाय दृश्य फार उजळ असेल तर पेन्सिलीचे टोक दिसेनासे होते आणि कागद उजळ असेल तर दृश्य विरते. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३३ मध्ये इटलीतील कोमो सरोवराच्या काठी हे साधन वापरून पाहिले. त्या अपयशाच्या वैतागातून त्यांचा विचार प्रकाशचित्रणाकडे वळला, हे छायाचित्रणाच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. जुळणी ढळणे, दोन अंतरांवर नजर न ठरणे आणि प्रकाशाचा तोल न साधणे या तीन अडचणी येथे मुद्दाम नोंदविल्या आहेत. आजच्या संवर्धित वास्तवाच्या चष्म्यांवरील तांत्रिक लेखन वाचताना याच अडचणी पुन:पुन्हा भेटतात.

फर्ग्युसन यांचे शीर्षकपृष्ठ

जेम्स फर्ग्युसन यांचा जन्म १८०८ साली स्कॉटलंडमधील एअर येथे झाला. ते व्यापाराच्या निमित्ताने कलकत्त्यास आले, निळीच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळविला आणि नंतर भारतीय वास्तूंच्या अभ्यासासाठी देशभर प्रवास केला. या प्रवासाचे पहिले मोठे फलित म्हणजे १८४५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेला भारतातील शैलगृहांविषयीचा सचित्र ग्रंथ. वेरूळ, अजिंठा, साष्टी, कार्ले यांबरोबर कटक आणि महाबलीपुरम येथील शैलगृहांचा त्यात समावेश आहे.

या ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ अभ्यासकाने सावकाश वाचावे असे आहे. रेखाटने जागेवर काळजीपूर्वक केलेली आहेत, ती कॅमेरा ल्युसिडाच्या साहाय्याने केलेली आहेत, ती १८३८-३९ या वर्षांतील आहेत, आणि शिळेवर त्यांचे पुन्हा रेखाटन टी. सी. डिब्डिन यांनी केले आहे, ही सर्व माहिती शीर्षकातच दिलेली आहे. म्हणजे वाचकाच्या हाती पडणारे चित्र प्रत्यक्ष लेण्यापासून किती पायऱ्या दूर आहे हे फर्ग्युसन यांनी आरंभीच सांगून टाकले. पाषाणातील लेणे, लोलकातील भास, पेन्सिलीची रेषा, डिब्डिन यांनी शिळेवर उलटे काढलेले चित्र आणि अखेरीस कागदावरचा सुलटा छाप, असा हा क्रम होता. शिळाछापाच्या त्या काळात चित्रकार आणि शिळेवर काढणारा यांची नावे वेगवेगळी देण्याचा प्रघात होताच. परंतु साधनाचे नाव शीर्षकात घालणे हा पुराव्याविषयीचा दावा होता. हे चित्र कल्पनेने सजविलेले नाही, असे फर्ग्युसन सांगू पाहत होते.

हा दावा त्यांना कशासाठी हवा होता? वास्तूचा काळ तिच्या शैलीवरून ठरविता येतो ही फर्ग्युसन यांची भूमिका होती. कार्ल्याचे चैत्यगृह त्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असलेल्या या दालनाच्या छताला प्राचीन लाकडी कमानी आजही आहेत. स्तूपावरील छत्रही लाकडी आहे. पाषाणात कोरलेल्या छताला आधारासाठी लाकडाची गरज नाही. मग त्या कमानी तेथे का, या प्रश्नाचे उत्तर आधीच्या लाकडी बांधकामाच्या परंपरेत शोधावे लागते. असा युक्तिवाद करावयाचा तर कमानींची वक्रता, स्तंभांची उंची आणि गवाक्षाचे प्रमाण चित्रात बिनचूक असणे अगत्याचे होते.

फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत या शैलगृहांवर निबंध वाचला. त्यानंतर सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे लेण्यांच्या जतनाविषयी विनंती केली आणि १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, ही हकीकत मराठी वाचकांच्या परिचयाची असल्याने तिचा विस्तार येथे करीत नाही.

तथापि रेषा अचूक असली म्हणजे निष्कर्ष अचूक असतोच असे नाही. भारतीयांनी पाषाणात बांधण्याची कला ग्रीक संपर्कानंतर आत्मसात केली असे फर्ग्युसन यांचे मत होते. राजेंद्रलाल मित्र यांनी त्यास विरोध केला आणि १८८४ मध्ये फर्ग्युसन यांनी मित्र यांच्या कार्यावर अत्यंत कडवट शब्दांत स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. एखाद्या भारतीय विद्वानाने आपल्या अनुमानास आव्हान द्यावे ही गोष्टच त्यांना सहन झाली नाही, असे ते प्रकरण वाचताना जाणवते. परंतु येथे एक बाब ध्यानात घ्यावी. चित्र एका पानावर आणि अनुमान दुसऱ्या पानावर होते. त्यामुळे चित्र मान्य करून अनुमान नाकारणे वाचकास शक्य होते. आरपार-दर्शक चष्म्यात नेमकी हीच फारकत पुसट होते.

डोके मोजणारे यंत्र

लोलकाच्या पुढची पायरी बंदुकीच्या नेमाशी संबंधित आहे. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये पेटंट घेतलेल्या दर्शकात एका तिरप्या काचेवर प्रकाशाची खूण परावर्तित होते आणि भिंगामुळे तिचे किरण समांतर होऊन येतात. त्यामुळे ती खूण काचेवर असल्याचे भासत नाही, ती दूर लक्ष्यावरच पडल्यासारखी दिसते. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी ती ढळत नाही. वोलॅस्टन यांच्या साधनातील दोन अडचणींवर हा उपाय होता. दुसऱ्या महायुद्धापर्यंत लढाऊ विमानांत ही रचना सर्रास वापरली जाऊ लागली आणि त्यातूनच वैमानिकासमोरील ‘हेड-अप डिस्प्ले’ विकसित झाला. परंतु काच विमानाला जखडलेली होती. वैमानिकाने मान वळवली की खूण नजरेआड जाई.

आयव्हन सदरलँड यांनी काच माणसाच्या डोक्याला बांधली. १९६८ मध्ये सादर केलेल्या त्यांच्या साधनात दोन लहान कॅथोड-रे नलिका आणि अर्धपारदर्शक आरसे असलेले लोलक होते. पाहणाऱ्यास खोलीही दिसत असे आणि त्या खोलीत तरंगणारी, केवळ प्रकाशरेषांची बनलेली घनाकृतीही दिसत असे. डोके वळले की त्यानुसार संगणक आकृती पुन्हा काढी. त्यासाठी डोके कोठे आणि कोणत्या दिशेस आहे हे यंत्रास कळणे आवश्यक होते, म्हणून छतापासून एक यांत्रिक दांडा थेट डोक्यावरील साधनास जोडलेला होता. डोक्यावर टांगलेल्या तलवारीच्या ग्रीक कथेवरून त्यास गमतीने डॅमोक्लिसची तलवार म्हटले जाई. फर्ग्युसन यांनी लेण्यात डोके स्थिर धरून जी जुळणी साधली ती सदरलँड यांच्या प्रयोगशाळेत यंत्राकडे सोपविली गेली. माणसाचे डोके मोकळे झाले, पण ते सतत मोजले जाऊ लागले.

या मापनाचा पुण्याशी थेट संबंध येतो. १९८७ मध्ये भारतीय हवाई दलात मिग-२९ विमाने दाखल झाली आणि २८ व ४७ या क्रमांकांची त्यांची पहिली दोन पथके लोहगाव तळावर उभी राहिली. हे विमान घेणारा भारत हा पहिला परदेशी ग्राहक होता. मिग-२९ च्या रचनेत शिरस्त्राणावरील लक्ष्यदर्शकाचा समावेश होता. वैमानिकाच्या एका डोळ्यासमोरील काचेत प्रकाशाचे वर्तुळ दिसते. शिरस्त्राणावरील अवरक्त दिव्यांची स्थिती विमानातील संवेदक टिपतात. वैमानिक ज्या दिशेस पाहील ती दिशा क्षेपणास्त्रास कळते. पुढे २००२ मध्ये लोहगाव येथेच सुखोई-३० एमकेआय विमाने दाखल झाली आणि २००४ पासून नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्यांची बांधणी होऊ लागली. त्या विमानांतही अशाच शिरस्त्राणाची योजना आहे. ‘संवर्धित वास्तव’ हा शब्द पुण्यात कोणाच्या कानावर पडण्यापूर्वीच त्याचे मूलतत्त्व शहराच्या ईशान्येस आकाशात वापरात होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र शिरस्त्राणातील वर्तुळाचा अर्थ एकच होता. ते इतिहास सांगत नव्हते, कोणत्या वास्तूचे नाव सांगत नव्हते. जुळणी चुकली तर त्याचा परिणाम तत्काळ कळत असे. कारखान्यातही हीच गोष्ट. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ ही संज्ञा बोईंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्या १९९२ च्या निबंधाने रूढ केली, आणि तिच्या मुळाशी होते विमानातील विद्युत तारांच्या जुड्या बांधण्याचे काम. कामगारास फळीवर तार कोठून न्यावयाची हे चष्म्यात दिसावे, एवढाच मर्यादित हेतू होता. तार चुकीची गेली तर तपासणीत सापडते. इतिहासाच्या बाबतीत अशी तपासणी कोण करणार?

इतिहास चष्म्यात येतो

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पाठीवर संगणक आणि डोळ्यांवर आरपार-दर्शक चष्मा घेऊन परिसरात हिंडण्याचा प्रयोग केला. इमारतींकडे पाहिले की त्यांची नावे त्यांच्यावर दिसत. १९९९ मध्ये याच गटाने त्या जागेचा इतिहास चष्म्यात आणला. १९६८ चे विद्यार्थी आंदोलन, परिसराखालील भुयारे आणि विद्यापीठाच्या आधी त्या जागी असलेले मनोरुग्णालय यांच्या कथा ज्या त्या ठिकाणी उभे राहून पाहता येत. त्यानंतर लवकरच युरोपीय प्रकल्पातून ग्रीसमधील ऑलिंपिया येथे भग्न मंदिरांची पुनर्रचना त्यांच्या अवशेषांवर दाखविली गेली.

येथे दिशा बदलली. लोलकातून लेणे कागदावर उतरत होते. आता कागदावरचे लेण्यावर चढू लागले. फर्ग्युसन यांचे चित्र हाती घेऊन कार्ल्यास गेल्यास चित्र आणि पाषाण शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. चष्म्यात दोन्ही एकजीव होऊन येतात.

त्यानंतरची व्यापारी वाटचाल थोडक्यात सांगता येईल. गुगल ग्लास, मायक्रोसॉफ्टचे होलोलेन्स, मुंबईच्या टेसेरॅक्टने तयार केलेला आणि जुलै २०२० मध्ये रिलायन्सच्या वार्षिक सभेत दाखविलेला जिओ ग्लास, ठाण्याच्या कंपनीचे अजनालेन्स अशी नावे येत गेली. यांपैकी काही मागे पडली. होलोलेन्सचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. कोणते यंत्र टिकेल हा आपल्या अभ्यासाचा विषय नाही. मात्र या यंत्रांच्या दोन जाती आहेत आणि त्यांतील भेद इतिहासाच्या अध्यापकाने समजून घ्यावयास हवा.

पहिल्या जातीत डोळ्यांसमोर खरोखरच काच असते आणि तिच्यावर प्रकाश परावर्तित केला जातो. या रचनेत प्रकाशाची भर घालता येते, वजाबाकी करता येत नाही. काळा रंग दाखविताच येत नाही, कारण काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव. त्यामुळे पुनर्रचित चित्राच्या आडून मूळ पाषाण दिसत राहतो. दुसऱ्या जातीत डोळ्यांसमोर अपारदर्शक पडदा असतो आणि बाहेरचे जग कॅमेऱ्यातून टिपून त्यावर दाखविले जाते. २०२४ पासून विक्रीस आलेला ॲपल व्हिजन प्रो या जातीचा आहे. तेथे जगही चित्रच असल्याने त्यातील कोणतीही वस्तू पुसता येते.

आमच्या कोथरूडचेच उदाहरण घ्या. मार्च २०२२ पासून वनाझ ते गरवारे महाविद्यालय या मार्गावर मेट्रो धावू लागली आणि पौड रस्त्यावर उन्नत मार्गाचे खांब कायमचे आले. मेट्रोपूर्वीचा रस्ता विद्यार्थ्यांना दाखवावयाचा असेल तर पहिल्या जातीच्या चष्म्यात जुनी घरे आणि झाडे खांबांवर धूसर तरंगतील; खांब हटणार नाहीत. दुसऱ्या जातीत खांब नाहीसे होतील आणि रस्ता निर्विघ्न जुना दिसेल. पाहणाऱ्यास दुसरे चित्र अधिक आवडेल यात शंका नाही. ओलांडताना खांबावर आदळू नये एवढी काळजी घ्यावी लागेल.

कोथरूडमध्ये ही गंमत ठरते. कार्ल्यात तसे नाही. चैत्यगृहाच्या प्रवेशाजवळ डावीकडे सिंहस्तंभ उभा आहे. त्याचा जोडीदार असावा असे अभ्यासक मानतात, आणि त्याच्या संभाव्य जागेवर आज एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी समाजासह असंख्य कुटुंबांचे ते कुलदैवत आहे. यात्रेच्या काळात लेण्यापेक्षा देवीच्या दर्शनासाठी येणारेच अधिक असतात. चैत्यगृहातील ब्राह्मी लेख वेगळ्याच समाजाची साक्ष देतात : वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, आपल्या नावाने एकेक स्तंभ देणारे दाते. एकाच जागेवर दोन काळ आणि दोन श्रद्धा नांदत आहेत.

अशा ठिकाणी चैत्यगृहाचे मूळ रूप दाखविणारा चष्मा तयार करावयाचा झाल्यास दुसरा स्तंभ दाखविण्यापुरता प्रश्न उरत नाही. पहिल्या जातीचा चष्मा मंदिराच्या शिखरावर स्तंभाची प्रकाशरेषा काढेल आणि दोन्ही दिसतील. दुसऱ्या जातीचा चष्मा मंदिर पुसून टाकू शकेल. ते पुसावयाचे की नाही हा निर्णय संगणक अभियंत्याचा नाही, आणि केवळ पुरातत्त्वज्ञाचाही नाही. उलट दिशेनेही हाच धोका आहे : मंदिराचे माहात्म्य सांगणाऱ्या एखाद्या सादरीकरणात बौद्ध दात्यांचे लेख दिसेनासे करणे तितकेच सोपे आहे. पाषाणावर छिन्नी चालविणाऱ्यास कायदा अडवितो. काचेवर चालणाऱ्या छिन्नीची खूण मागे राहत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते अशा सादरीकरणांस फर्ग्युसन यांच्यासारखे शीर्षकपृष्ठ हवे. कोणते मोजमाप जागेवर घेतले, कोणत्या साधनाने, कोणत्या वर्षी, त्यावरून पुनर्रचना कोणी केली आणि कोणता भाग केवळ अनुमानाने भरला, हे चष्म्यातच दिसावे. सिंहस्तंभाची जी बाजू प्रत्यक्ष उभ्या स्तंभावरून घेतली ती अखंड रेषेत आणि जी कल्पिली ती तुटक रेषेत दाखविणे आज तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. स्थापत्याच्या नकाशात अशा रेषा कित्येक वर्षे वापरल्या जात आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी संगणक विभागांच्या प्रकल्पांत सहभागी होताना ही अट आरंभीच घालावी. प्रकल्प पूर्ण झाल्यावर ती घालता येत नाही, असा अनुभव आहे.

यंत्राची एक मर्यादा तूर्त आपल्या बाजूने आहे. पारदर्शक काचेवरचा प्रकाश भर उन्हात फिका पडतो. त्यामुळे कार्ल्याच्या अंधाऱ्या दालनात, जेथे लोलकातील दृश्य मंद दिसले असेल, तेथे असा चष्मा उत्तम चालेल. लाकडी कमानींच्या खाली हरवलेले रंगकाम किंवा दिव्यांचा प्रकाश त्यात सुरेख दिसेल. बाहेर प्रांगणात, दुपारच्या उन्हात, एकवीरेच्या मंदिरावर काढलेला दुसरा सिंहस्तंभ मात्र जेमतेम ओळखू येईल, आणि मंदिर जसे आहे तसेच दिसत राहील.